माजी नवरा वारल्यावर पेन्शन, पीएफ आणि मुलांचा हिस्सा: मुंबईतल्या घटस्फोटितेसाठी पायरीपायरीने

घटस्फोट झालेल्या बाईला माजी नवऱ्याच्या मृत्यूनंतर सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. केंद्र सरकार, रेल्वे, राज्य सरकार, कुठेही नाही. पंचवीस वर्षं संसार केला होता की तीन, याने फरक पडत नाही. एवढं ऐकून बऱ्याच जणी घरी परततात आणि दोन गोष्टी तपासायच्या राहून जातात. कायद्याच्या नजरेत घटस्फोट खरोखर झाला होता का, ही पहिली. मुलांचं काय, ही दुसरी. कारण घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, बाप आणि मुलांचा होत नाही. आईच्या हाती काही लागलं नाही, तरी मुलांच्या नावाने मिळणारी रक्कम कधीकधी घर चालेल एवढी असते.

आधी स्वतःची कायदेशीर अवस्था ठरवा

कार्यालयात जाऊन ‘मी त्यांची घटस्फोटित बायको’ असं सांगण्याआधी हातात कोणता कागद आहे ते बघा. खालच्या चार परिस्थितींत तुम्ही घटस्फोटित नसून कायद्याने विधवा असू शकता.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी. दोन्हीकडची माणसं बसली, नोटरीचा शिक्का मारला, काडीमोड झाला. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट फक्त न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. ज्या समाजात रूढीने घटस्फोट मान्य आहे आणि ती रूढी पुराव्याने सिद्ध करता येते, तेवढाच अपवाद. तो अपवाद लागू नसेल तर तो स्टॅम्प पेपर रद्दी आहे, लग्न शाबूत आहे आणि नवऱ्याने नंतर केलेलं दुसरं लग्नच रद्दबातल ठरतं. अशा वेळी पेन्शनवर हक्क पहिल्या बायकोचा. दुसरीची मुलं मात्र कायद्याने औरस मानली जातात आणि त्यांना बापाच्या मिळकतीत वाटा असतो. त्यांना वगळायचा प्रयत्न केलात तर प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं.

खटला चालू असताना मृत्यू. घटस्फोटाचा अर्ज निकालात निघण्याआधी नवरा गेला तर अर्ज तिथेच संपतो. परस्परसंमतीच्या अर्जातही हेच होतं. पहिली तारीख झाली होती, सहा महिन्यांची मुदत चालू होती आणि तेवढ्यात मृत्यू झाला, तर तुम्ही विधवा.

न्यायिक विभक्ती. निकालपत्रात ‘घटस्फोट’ असा शब्द नसून न्यायिक विभक्ती (इंग्रजीत ‘ज्युडिशियल सेपरेशन’, म्हणजे लग्न न मोडता कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं) असेल तर लग्न टिकून आहे. निकाल इंग्रजीत असतो आणि वकील तोंडी ‘तुमचं सुटलं’ एवढंच सांगतात, त्यामुळे ही गल्लत बरीच होते. केंद्राच्या पेन्शन नियमांत विभक्त राहणाऱ्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मात्र विभक्ती व्यभिचाराच्या कारणावरून झाली असेल आणि दोषी तीच ठरली असेल, तर मिळत नाही. मुलं असतील तर त्यांची पालक ती असावी लागते.

एकतर्फी निकाल. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, तुम्हाला कळलंच नाही आणि नवऱ्याने परस्पर हुकूमनामा मिळवला. नवरा वारल्यावरही असा निकाल रद्द करण्याचा अर्ज करता येतो, वारसांना सामील करून. सर्वोच्च न्यायालयाने ‘यल्लव्वा विरुद्ध शांतव्वा’ या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मुदत ३० दिवसांची. समन्स बजावलंच गेलं नसेल तर ती निकाल कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणून कार्यालयातल्या कारकुनाने निकालाची झेरॉक्स दाखवली तर ती तारीख लिहून ठेवा.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून मिळते, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इमारतीत. अर्जाचा क्रमांक माहीत असेल तर काम लवकर होतं. तिथल्या क्रमांकाआधी अक्षर असतं. ‘ए’ म्हणजे वादातला विवाह अर्ज, ‘एफ’ म्हणजे परस्परसंमतीचा, ‘ई’ म्हणजे फौजदारी संहितेखालची पोटगी. बऱ्याच जणींकडे घडी पडलेला एक कागद असतो, त्यावर ‘ई’चा क्रमांक असतो आणि त्यांना वाटतं हाच घटस्फोट. तो पोटगीचा आदेश असतो. त्याने लग्न मोडत नाही.

(वारशाचे नियम हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कायद्यांत वेगळे आहेत. इथे वारशाबद्दल जे लिहिलं आहे ते हिंदू कायद्याचं. पेन्शन आणि पीएफचे नियम मात्र धर्म बघत नाहीत.)

मृत्यूचा दाखला स्वतः काढा

सासरची मंडळी दाखला देत नाहीत, ही पहिली अडवणूक. त्यांच्या हातापाया पडायची गरज नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंदवहीतला उतारा कुणीही मागू शकतं. त्यात मृत्यूचं कारण दिलेलं नसतं आणि पेन्शनसाठी ते लागतही नाही. मुंबईत चूक होते ती वॉर्डाची. नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणच्या वॉर्डात होते, राहत्या घराच्या नव्हे. माणूस बोरिवलीचा आणि मृत्यू परळच्या रुग्णालयात झाला, तर आर मध्य वॉर्डात शोधून काही सापडणार नाही. एफ दक्षिणला जावं लागेल. मृत्यूची तारीख, पूर्ण नाव आणि रुग्णालय एवढं माहीत हवं. चार-पाच प्रती एकदमच घ्या.

सरकारी नोकर असेल तर: मुलांचं कुटुंब निवृत्तिवेतन

सगळ्यात जास्त रक्कम इथेच असते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही. नियम केंद्राचे सांगतो, रेल्वेचेही त्याच धर्तीचे आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू होतात. तिथे घटस्फोटितेला पेन्शन नाही हे तसंच आहे, पण मुलांच्या वयोमर्यादा केंद्राच्या नाहीत, त्या राज्याच्या नियमांतच बघाव्यात. महापालिका, बंदर प्राधिकरण यांचे आपापले नियम आहेत.

जुनी पेन्शन कुणाला, हे नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ठरतं. केंद्रात १ जानेवारी २००४ च्या आधी, राज्यात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले जुन्या योजनेत. नंतरचे एनपीएसमध्ये, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत. तिथे नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट वेगळ्या नियमांनी उघडते, म्हणून ‘एनपीएस आहे, पेन्शन नाही’ एवढ्यावर उठून येऊ नका.

रक्कम किती? केंद्रात साधा दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली १० वर्षं वाढीव दर, म्हणजे ५० टक्के. निवृत्तीनंतर झाला तर वाढीव दर ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल ते. मूळ पगार ५०,००० असलेला रेल्वे कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर कुटुंबाला पहिली १० वर्षं महिना २५,००० आणि नंतर १५,०००, भत्ता वेगळा.

आता यात मुलं कुठे बसतात ते बघा.

त्याने पुन्हा लग्न केलं नव्हतं आणि दुसरी कुणी हक्कदार विधवा नाही: सगळं पेन्शन मुलांना. पण एकदम सगळ्यांना वाटून नव्हे. जन्माच्या क्रमाने एकेकाला मिळतं. मोठ्याचा हक्क संपला की धाकट्याला. जुळी असतील तर समान.

त्याने पुन्हा लग्न केलं होतं: मग घटस्फोटित बायकोच्या पात्र मुलांना तो हिस्सा मिळतो, जो घटस्फोट झाला नसता तर त्यांच्या आईला मिळाला असता. म्हणजे दुसरी बायको हयात आणि पहिलीची १७ वर्षांची मुलगी असेल, तर अर्धं दुसरीला, अर्धं मुलीला. वरच्या उदाहरणात मुलीचे महिना १२,५०० आणि भत्ता. मुलीचा हक्क संपला की तो अर्धा भाग सरकारजमा होत नाही, दुसऱ्या बायकोकडे जातो. म्हणजे मुलीला बाहेर ठेवण्यात दुसऱ्या घराचा थेट फायदा असतो आणि कागद का दडवले जातात याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं.

केंद्रात मुलग्याचा हक्क २५ वर्षं वय, लग्न किंवा स्वतःची कमाई सुरू होणं, यातलं जे आधी येईल तिथे संपतो; अविवाहित मुलीला मात्र २५ नंतरही पेन्शन मिळू शकतं. कमाईची मर्यादा किमान कुटुंब निवृत्तिवेतन अधिक महागाई भत्ता एवढी. कमावता येणार नाही इतकं अपंगत्व असेल तर पेन्शन आयुष्यभर चालतं. अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयाचाच लागतो. आईने दुसरं लग्न केलं म्हणून मुलांचं पेन्शन बंद होत नाही. काउंटरवर कुणी तसं सांगितलं तर नियम दाखवा म्हणावं.

अर्ज कुठे द्यायचा? तो ज्या कार्यालयात शेवटी होता तिथल्या कार्यालय प्रमुखाकडे, म्हणजे व्यवहारात आस्थापना शाखेत. रेल्वेत डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयातल्या सेटलमेंट सेक्शनमध्ये. राज्य सरकारी कर्मचाऱ्याचं प्रकरण पुढे महालेखापालांकडे मंजुरीला जातं आणि मुंबईत पैसे अधिदान व लेखा कार्यालयातून निघतात. थेट महालेखापालांकडे अर्ज टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. कार्यालयाकडून प्रस्ताव आल्याशिवाय तिथे काही हलत नाही.

विहित नमुना नंतर मिळेल, पण पहिल्याच आठवड्यात साध्या कागदावर दावा नोंदवा (खालचा पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मृत्यू उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी). मजकूर साधारण असा:

‘आपल्या कार्यालयातील कर्मचारी (नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक किंवा पीपीओ क्रमांक) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. अर्जदार ही त्यांची मुलगी असून जन्म (तारीख) चा आहे. आई-वडिलांचा घटस्फोट (तारीख) रोजी झाला आहे. अर्जदार कुटुंब निवृत्तिवेतन, मृत्यू उपदान व इतर देय रकमांतील आपल्या हिश्श्यावर हक्क सांगत आहे. अर्जदारास लेखी कळविल्याशिवाय तिच्या हिश्श्याची रक्कम अन्य व्यक्तीस अदा करू नये, ही विनंती.’

मूल अल्पवयीन असेल तर खाली ‘करिता नैसर्गिक पालक, आई’ म्हणून तुमची सही. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा. या एका शिक्क्यावर पुढे खूप काही अवलंबून असतं. दावा पोचल्यानंतर कार्यालयाने सगळे पैसे दुसऱ्याला दिले तर जबाबदारी त्यांची. दावाच नव्हता तर तुम्हाला दुसऱ्या कुटुंबावर दिवाणी दावा लावावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज करून ‘माजी नवऱ्याची देयकं किती’ विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. हक्कदार म्हणून केलेला दावा हीच सरळ वाट.

जोडायचे कागद: मृत्यूचा उतारा, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, संमतीच्या अटी (घटस्फोटाच्या वेळी दोघांनी कोर्टात सही करून दिलेला करार) असतील तर त्या, मुलाचा जन्मदाखला (त्यात वडिलांचं नाव असलेला), शाळेचा दाखला, मुलाचं आधार व पॅन, मुलाच्या नावाचं बँक खातं.

प्रकरण अडकतं ते साधारण दोन-तीन ठिकाणी. सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव नाही, हे पहिलं. घटस्फोटानंतर माणूस नवा तपशील भरतो आणि पहिल्या मुलांना गाळतो. कारकून पान उघडून दाखवतो: बघा, इथे दोनच नावं आहेत. मुलाचा हक्क त्या पानाने जन्मत नाही आणि नाव गाळल्याने मरत नाही, जन्मदाखला पुरावा आहे. लेखी उत्तर मागा. लेखी नकार सहसा मिळत नाही, फाइल पुढे सरकते. दुसरी अडचण आडनावाची. घटस्फोटानंतर आईने मुलाचं आडनाव बदललेलं असतं, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. राजपत्रातल्या नावबदलाची प्रत असेल तर प्रश्न पाच मिनिटांत मिटतो, नसेल तर आधी ते करून घ्या.

आणि संमतीच्या अटी. परस्परसंमतीच्या जवळजवळ प्रत्येक हुकूमनाम्यात एक ठरीव कलम असतं, की दोन्ही पक्षांचे एकमेकांच्या पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन व मिळकतीवर आज किंवा भविष्यात कोणतेही हक्क राहणार नाहीत. या कलमाने आईचा हक्क सुटतो. मुलं त्या करारात पक्ष नव्हती. त्यांचा हक्क आईला सोडून देता येत नाही, ‘मुलांच्या वतीनेही’ असं लिहिलेलं असलं तरी कोर्ट ते सहज मानत नाही.

खासगी नोकरी: पीएफ, ईपीएस, विमा

भविष्य निर्वाह निधीत तीन वेगळी खाती आहेत आणि तिघांचे नियम वेगळे. एकच अर्ज म्हणून बघितलं की गोंधळ होतो.

पीएफची शिल्लक. ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या माणसाचं केलेलं नामांकन चालत नाही. घटस्फोटित बायको कुटुंबात मोडत नाही. म्हणून त्याने नाव बदललं नव्हतं आणि फॉर्मवर अजून तुमचं नाव आहे, या आनंदात राहू नका. मुलं किंवा अवलंबून आई-वडील असतील तर ते नामांकन टिकणार नाही. वैध नामांकन नसेल तर रक्कम कुटुंबातल्या सगळ्यांना समान वाटली जाते, पण इथे एक खाच आहे: सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी यांना इतर कुणी पात्र माणूस असेपर्यंत वाटा नाही. २२ वर्षांचा मुलगा आणि १५ वर्षांची मुलगी असेल, तर या वाटणीत मुलगीच. मुलाला राग येतो, पण पीएफ योजनेचं वाटप असंच आहे.

ईपीएस म्हणजे पीएफची पेन्शन. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. विधवेचं पेन्शन तुम्हाला नाही. मुलांचं पेन्शन विधवा पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, २५ वर्षांपर्यंत. मात्र त्याने पुन्हा लग्न केलेलं नसेल, म्हणजे विधवा पेन्शन घेणारं कुणीच नसेल, तर मुलांना ‘अनाथ’ दराने मिळतं: विधवा पेन्शनच्या ७५ टक्के. आई हयात आहे म्हणून मुलं अनाथ नाहीत, असं सांगून फॉर्म २५ टक्क्यांच्या रकान्यात भरला जातो. योजनेतला शब्द भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. विधवा पेन्शन ४,००० निघत असेल तर एका मुलाला १,००० की ३,०००, एवढा हा फरक, आणि तो दर महिन्याला वर्षानुवर्षं चालतो. किमान दर मुलासाठी २५० आणि अनाथासाठी ७५० रुपये. फॉर्म भरताना हा रकाना स्वतः वाचा.

ईडीएलआय हा पीएफला जोडलेला विमा, कमाल ७ लाख रुपये. नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर मिळतो. वाटप पीएफप्रमाणे. लोक पीएफ घेतात आणि हा मागायला विसरतात.

फॉर्म: पीएफसाठी २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ. आता मृत्यूच्या दाव्यासाठी एकत्र फॉर्मही आहे. कंपनीची सही लागते. कंपनी बंद पडली असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन चालतं. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या नावाचं खातं उघडा, रक्कम थेट त्यात जाणार असेल तर पालकत्वाच्या दाखल्यावरून अडवणूक होत नाही.

कोणत्या कार्यालयात जायचं? घराजवळच्या नव्हे. जुन्या पगारपत्रकावर पीएफ क्रमांक असतो, त्याची पहिली पाच अक्षरं बघा. एमएचबीएएन म्हणजे वांद्रे, केडीएमएएल म्हणजे कांदिवली, टीएचटीएचए ठाणे, टीएचव्हीएसएच वाशी. घटस्फोटाच्या खटल्यात पोटगीसाठी त्याची पगारपत्रकं जोडलेली असतात. घरात एकही कागद नसेल तरी कोर्टाच्या फाइलमध्ये हा क्रमांक सापडतो.

ग्रॅच्युइटी: मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षं नोकरीची अट लागत नाही. हिशेब शेवटचा मासिक पगार × १५ ÷ २६ × वर्षं, मर्यादा २० लाख. इथेही नामांकन कुटुंबाच्याच नावाने वैध. अर्ज थेट कंपनीला.

बँक, विमा, थकलेली पोटगी

बँकेच्या ठेवीचं नामांकन पीएफसारखं नसतं. ते कुणाच्याही नावाने चालतं, घटस्फोटानंतरही तसंच राहतं आणि बँक तुम्हाला पैसे देईल. पण ते पैसे तुमचे होत नाहीत, तुम्ही वारसांच्या वतीने सांभाळणाऱ्या असता. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा सांगितलं. वारस कोण? तुमची मुलं, दुसरी बायको, तिची मुलं आणि त्याची आई, प्रत्येकाला समान वाटा. मृत्युपत्रात तुमचं नाव असेल तर मात्र गोष्ट वेगळी, घटस्फोटाने मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. विमा पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली, १८७४ च्या, घेतलेली असेल तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर तसा उल्लेख असतो आणि ती रक्कम इतर वारसांच्या किंवा सावकारांच्या हाती लागत नाही.

पोटगी त्याच्याबरोबर संपते, पण मृत्यूच्या दिवसापर्यंत थकलेली रक्कम हे त्याच्या मिळकतीवरचं देणं आहे. एकरकमी पोटगीचे हप्ते बाकी असतील तेही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी वारसांविरुद्ध करता येते, त्यांना जेवढं मिळालं तेवढ्यापुरती, १२ वर्षांच्या आत. फ्लॅट, ठेवी, शेअर्स यांवर हे चालतं. पीएफवर जप्ती येत नाही, तो नामनिर्देशिताकडे गेल्यावरही येत नाही. त्यामुळे ‘पीएफमधून माझी थकबाकी कापा’ हा अर्ज फुकट जातो. संमतीच्या अटींत फ्लॅट तुमच्या नावे करायचा ठरला होता आणि नोंदणी राहून गेली असेल, तर सोसायटीशी पत्रव्यवहार करण्यात महिने घालवू नका. अंमलबजावणीचा अर्ज लावा.

ठेवी आणि शेअर्ससाठी वारसा प्रमाणपत्र मागितलं जातं. मुंबईत ते मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्र आणि वारशाची प्रकरणं बघणाऱ्या) विभागातून काढतात. दुसऱ्या कुटुंबाने तुमच्या मुलांची नावं न लिहिता अर्ज केला आहे असा संशय असेल तर तिथे केव्हिएट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवा.

तो अमेरिकेत होता तर

दादर-पार्ल्यातल्या बऱ्याच घरांत ही परिस्थिती आहे: लग्न झालं, न्यू जर्सीत संसार केला, सुटका झाली, ती परत आली. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा नियम आपल्यापेक्षा उलटा आहे. तिथे घटस्फोटितेला स्वतःच्या नावाने मृत्यूपश्चात लाभ मिळतो.

अटी: लग्न किमान १० वर्षं टिकलेलं हवं आणि ही १० वर्षं घटस्फोट अंतिम झाल्याच्या तारखेपर्यंत मोजतात. म्हणून ९ वर्षं ११ महिने आणि १० वर्षं यांत आयुष्यभराचा फरक पडतो. तुमचं वय ६० (अपंगत्व असेल तर ५०) हवं. ६० च्या आधी पुनर्विवाह करून तो अजून टिकलेला नसावा, ६० नंतर केला तर चालतो. ६० व्या वर्षी घेतलं तर त्याच्या लाभाच्या ७१.५ टक्के, पूर्ण निवृत्तीच्या वयाला १०० टक्क्यांपर्यंत. १९६२ किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ते वय ६७. त्याचं १६ वर्षांखालचं मूल तुम्ही सांभाळत असाल तर १० वर्षांची आणि वयाची अट लागत नाही. तुम्ही घेतलंत म्हणून त्याच्या दुसऱ्या बायकोचं कमी होत नाही, तेव्हा तिच्याशी भांडायचं कारण उरत नाही.

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला अडवणारी अट वेगळीच आहे. अमेरिकेबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिल्यावर लाभ चालू राहायचा असेल, तर त्याच्या पत्नीच्या नात्याने तुम्ही किमान ५ वर्षं अमेरिकेत राहिलेल्या असाव्या लागतात. हे जुने पासपोर्ट, व्हिसाचे शिक्के, टॅक्स रिटर्न यांवरून सिद्ध होतं. रद्द झालेले पासपोर्ट म्हणूनच फेकू नयेत. भारतातल्या अर्जांचं काम मनिलाच्या अमेरिकन दूतावासातलं फेडरल बेनिफिट्स युनिट बघतं, मुंबईतली वकिलात नव्हे. अर्जाचा नमुना एसएसए-१०. वांद्र्याच्या कोर्टाचा घटस्फोटही चालतो, मूळ प्रमाणित प्रत लागते.

तुमच्या स्वतःच्या नावाने काय

इथे एक दरवाजा बहुतेकींना माहीत नसतो: तुमच्या वडिलांचं किंवा आईचं पेन्शन. ते केंद्र सरकारी किंवा रेल्वेचे पेन्शनर होते, दोघंही वारले आहेत आणि तुम्ही त्यांच्यावर अवलंबून होतात, तर घटस्फोटित मुलगी म्हणून वयाची २५ उलटल्यावरही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अट अशी की घटस्फोट, निदान घटस्फोटाचा अर्ज, त्यांच्या हयातीत कोर्टात दाखल झालेला असावा. जुलै २०१७ पासून अर्जाची तारीखही धरली जाते. निकाल नंतर लागला तरी चालतं, पेन्शन निकालाच्या तारखेपासून. पुनर्विवाह केला किंवा कमाई मर्यादेबाहेर गेली की बंद. हयात असलेल्या आईच्या पेन्शन पुस्तिकेत तुमचं नाव आत्ताच घालून घ्या, नंतर धावपळ होते.

उलटी बाजूही सांगायला हवी. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईचा घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असेल, तर १ जानेवारी २०२४ च्या आदेशाने तिला आपलं कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी मुलांना मिळावं असं लेखी देता येतं.

बाकी राज्याच्या योजना थोडक्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित स्त्रिया बसतात, दरमहा १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, त्यामुळे मुंबईत फार थोड्या पात्र ठरतात. एकल पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दावा सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक १५१००. जाताना हुकूमनामा, मृत्यूचा उतारा, मुलाचा जन्मदाखला आणि आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत एवढं बरोबर ठेवा.